सरळव्याजाची शाब्दिक उदाहरणं आणि क्ष

सरळव्याजाची शाब्दिक उदाहरणं म्हणजे मुद्दल, दर, मुदत आणि व्याज या चारपैकी तीन गोष्टी गोष्टीरूपात सांगायच्या आणि चौथी शोधायला लावायची अशी गणितं. महाराष्ट्रात सातवीला बँकेच्या धड्यासोबत ती भेटतात आणि पुढे पोलीस भरती, तलाठी, एमपीएससीपर्यंत पाठ सोडत नाहीत. सरळव्याजात व्याज फक्त मूळ रकमेवर धरतात, व्याजावर व्याज चढत नाही, त्यामुळे दरवर्षीचं व्याज तेवढंच राहतं. मुद्दल आणि व्याज मिळून जी रक्कम होते ती रास.

सूत्र सगळ्यांना पाठ असतं, म × द × क भागिले १००. म म्हणजे मुद्दल, द दर, क काळ. दर लिहिताना पुस्तकात द.सा.द.शे. असं येतं आणि बरीच मुलं ते 'दसादशे' असं एका दमात वाचून पुढे जातात, पण त्याचा अर्थ दर साल दर शेकडा, म्हणजे शंभर रुपयांना एका वर्षाला इतके रुपये. हा अर्थ डोक्यात बसला की सूत्र पाठ करायचीही गरज उरत नाही, कारण शंभराला एका वर्षात ८ तर पाच हजाराला तीन वर्षांत किती हे कोणीही त्रैराशिकाने काढेल.

क्लासमध्ये बहुतेक ठिकाणी एका सूत्राची चार सूत्रं करून देतात, मुद्दल काढायचं वेगळं, दर काढायचा वेगळा, वर वेगवेगळ्या प्रकारांच्या ट्रिका. माझं स्पष्ट मत आहे की यानेच मुलांचा गोंधळ होतो. सूत्र एकच ठेवावं, जे माहीत नाही त्या जागी क्ष लिहावा आणि गणितातलं वाक्य जसंच्या तसं समीकरणात उतरवावं, बाकीचं काम समीकरण करतं.

एक उदाहरण सावकाश बघू. एका ताईंनी १५,००० रुपये दोन पतसंस्थांत वाटून ठेवले, एकीत द.सा.द.शे. ८ ने, दुसरीत १० ने, आणि वर्षाला एकूण १,३४० रुपये व्याज मिळालं, तर कुठे किती ठेवले? इथे दोन रकमा माहीत नाहीत म्हणून मुलं लगेच क्ष आणि य घेतात, ते चुकीचं नाही, पण गरज नाही, कारण एकूण रक्कम दिलेलीच आहे. ८ टक्केवाली रक्कम क्ष धरली की दुसरी आपोआप १५,००० − क्ष होते. आता वाक्य उतरवायचं: ८क्ष/१०० + १०(१५,००० − क्ष)/१०० = १,३४०. दोन्ही बाजूंना १०० ने गुणलं की ८क्ष + १,५०,००० − १०क्ष = १,३४,०००, म्हणजे २क्ष = १६,००० आणि क्ष = ८,०००. एकीकडे आठ हजार, दुसरीकडे सात हजार. ताळा करायचा, ६४० + ७०० = १,३४०, जमलं. (कंस सोडवताना १० ने दोन्ही पदांना गुणायचं असतं, फक्त पहिल्याला गुणून पुढे गेलेली वही मी इतक्या वेळा बघितली आहे की आता नजर आधी तिथेच जाते.) हेच तोंडीही होतं: सगळे पैसे १० टक्क्यांनी असते तर १,५०० मिळाले असते, मिळाले १६० कमी, ८ टक्क्यांत टाकलेल्या प्रत्येक शंभरामागे २ रुपये कमी पडतात, मग असे शेकडे ८०, म्हणजे ८,०००. समीकरणाने नेमकं हेच केलं, २क्ष = १६,००० या ओळीत तोच विचार आहे.

दुसरा नेहमीचा प्रकार राशीचा. एक रक्कम सरळव्याजाने ३ वर्षांत २,३०० आणि ५ वर्षांत २,५०० होते, मुद्दल आणि दर सांगा. इथे दर थेट धरण्यापेक्षा एका वर्षाचं व्याज व धरलं की फार सोपं पडतं: म + ३व = २,३०० आणि म + ५व = २,५००. वजाबाकी केली की २व = २००, व = १००, मुद्दल २,०००, आणि दोन हजाराला वर्षाला शंभर म्हणजे दर ५.

दामदुपटीच्या गणितात मात्र चांगली चांगली मुलं फसतात. रक्कम ८ वर्षांत दुप्पट होते तर तिप्पट किती वर्षांत, असं विचारलं की घाईत उत्तर येतं १२, कारण २ ला ८ तर ३ ला १२ असं त्रैराशिक मांडलं जातं. पण दुप्पट म्हणजे मुद्दलाइतकं व्याज, तिप्पट म्हणजे मुद्दलाच्या दुप्पट व्याज, म्हणून उत्तर १६. वाढतं ते व्याज, रास त्या प्रमाणात वाढत नाही. दर हवा असेल तर म × द × ८ /१०० = म, दोन्हीकडचा म निघून जातो, द = १२.५. मुद्दल दिलेलंच नाही म्हणून गणित अडतं असं वाटणाऱ्याने हा म कसा उडतो ते एकदा स्वतः करून बघावं.

काळाचं एकक हा आणखी एक खड्डा. दर सालाचा आणि मुदत महिन्यांत असेल तर १२ ने भागायचं, दिवसांत असेल तर ३६५ ने, आणि पेपर काढणाऱ्यांना ७३, १४६, २१९ दिवस का आवडतात तर ७३ म्हणजे बरोबर वर्षाचा पाचवा हिस्सा. तारखा दिल्या असतील तर पैसे दिल्याचा दिवस धरत नाहीत, परत केल्याचा धरतात. गावाकडे सावकारी व्यवहारात 'दोन टक्क्यानं घेतलेत' असं कोणी म्हणालं तर ते बहुतेक महिन्याचे दोन असतात, म्हणजे द.सा.द.शे. २४.

ही गणितं आपल्याकडे फार जुनी आहेत. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इसवी सन ११५०) व्याजाला कलांतर म्हटलंय आणि दर महिन्याला शेकडा असा येतो. त्यातलं एक उदाहरण असं, शेकडा ५ दरमहाने वर्षाअखेर मुद्दल आणि व्याज मिळून १,००० झाले तर दोन्ही वेगळे सांग. आपल्या पद्धतीने क्ष + ६०क्ष/१०० = १,०००, क्ष = ६२५, व्याज ३७५. भास्कराचार्य हे इष्टकर्माने करतात, म्हणजे मुद्दल १ मानायचं, वर्षाने त्याचे ८/५ होतात, मग हजाराला ८/५ ने भागायचं. मला सगळ्यात आवडतं ते ९४ निष्कांचं (निष्क म्हणजे त्या काळचं नाणं): ९४ निष्कांचे तीन भाग केले, ते दरमहा शेकडा ५, ३ आणि ४ ने दिले, अनुक्रमे ७, १० आणि ५ महिन्यांनी तिन्हींवर सारखंच व्याज आलं, तर भाग कोणते? इथे भागांना क्ष न म्हणता त्या सारख्या व्याजालाच क्ष म्हणायचं. शंभरावर त्या-त्या मुदतीत ५ × ७ = ३५, ३ × १० = ३० आणि ४ × ५ = २० व्याज होतं, मग भाग होतात १००क्ष/३५, १००क्ष/३० आणि १००क्ष/२०, त्यांची बेरीज ९४, त्यावरून क्ष = ८.४ आणि भाग २४, २८, ४२. क्ष कशाला म्हणायचं हे ठरवण्यातच अर्धं गणित असतं ते इथे दिसतं. चाळीसगावजवळच्या पाटण इथे तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख आहे, त्यात भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढल्याची नोंद आहे.

आज बँकेची मुदत ठेव बहुधा चक्रवाढीने वाढते, तरी सरळव्याज व्यवहारातून गेलेलं नाही. सगळ्यात जास्त ते 'फ्लॅट' दराच्या कर्जात भेटतं, म्हणजे जिथे शेवटपर्यंत सुरुवातीच्या पूर्ण रकमेवर व्याज धरतात. ६०,००० रुपये, १० टक्के फ्लॅट, दोन वर्षं, व्याज १२,०००, एकूण ७२,००० भागिले २४, हप्ता ३,०००. हिशोब सूत्राप्रमाणे बरोबर आहे, पण सूत्र धरतं की साठ हजार पूर्ण दोन वर्षं तुमच्याकडे होते, आणि तुम्ही तर पहिल्या महिन्यापासून मुद्दल फेडत आलात. शिल्लक रकमेवर मोजलं तर हा दर वर्षाला सुमारे १८ टक्के पडतो. तेच कर्ज घटत्या शिल्लकेवर १० टक्क्यांनी मिळालं तर हप्ता साधारण २,७६९ येतो आणि दोन वर्षांचं व्याज १२,००० ऐवजी ६,४५० च्या आसपास.