अंशदायी निष्काळजीपणा
अंशदायी निष्काळजीपणा : इजा झालेल्या व्यक्तीच्या स्वतःच्या हयगयीचाही त्या इजेस हातभार लागला असल्यास तिची भरपाई त्या प्रमाणात कमी करण्याचे अपकृत्य विधीतील (दुसऱ्याच्या चुकीने झालेल्या हानीच्या भरपाईविषयीच्या दिवाणी कायद्यातील) तत्त्व. दोष दावेदाराचा नसून इतर दोघांचा असेल, तर तो ‘संयुक्त निष्काळजीपणा’. तेथे दावेदाराला पूर्ण रक्कम दोघांपैकी कोणाकडूनही वसूल करता येते.

तत्त्वाच्या उगमाविषयी एकमत नाही. काही अभ्यासक तो रोमन विधीत शोधतात. सहाव्या शतकात संकलित झालेल्या ‘डायजेस्ट’ या रोमन विधिग्रंथात अल्पियन या रोमन विधिज्ञाने चर्चिलेला एक प्रसंग आहे : खेळणाऱ्यांचा चेंडू न्हाव्याच्या हातावर आदळतो आणि दाढी करून घेणाऱ्या गुलामाचा गळा चिरला जातो. खेळाच्या जागेजवळ दुकान मांडणारा न्हावी दोषी खराच. पण अशा धोक्याच्या जागी खुर्चीत बसणाऱ्याने स्वतःलाच बोल लावावा, असेही तेथे म्हटले आहे. मात्र येथे दोषाची वाटणी नाही, दावाच संपतो. त्यामुळे आजच्या प्रमाणशीर वाटणीचे मूळ येथे मानणे अवघड आहे.

इंग्लंडमधील प्रमुख निवाडा १८०९ चा. डर्बी येथे घराच्या दुरुस्तीसाठी एकाने रस्त्याच्या काही भागावर आडवा खांब टाकला होता. ऑगस्टमधील संध्याकाळी, दिवे लागण्याच्या सुमारास, भरधाव आलेला घोडेस्वार त्यावर आदळून पडला. शंभर यार्डांवरून खांब दिसण्याइतका उजेड होता, म्हणून त्याला काहीच मिळाले नाही. दावेदाराचा स्वतःचा दोष असल्यास दावाच बुडवणारा हा कठोर नियम १८४२ च्या एका निवाड्याने सैल केला. पाय बांधून रस्त्यावर सोडलेले गाढव वेगाने आलेल्या गाडीखाली मेले. गाडीवानाला ते टाळता आले असते, म्हणून मालकास भरपाई मिळाली. जहाजांच्या टकरीत मात्र नुकसान निम्मे-निम्मे वाटले जाई. १९११ च्या कायद्याने ते दोषाच्या प्रमाणात वाटले जाऊ लागले. जमिनीवरील अपघातांना हे तत्त्व १९४५ च्या अधिनियमाने लागू झाले.

अमेरिकेत राज्यागणिक भेद आहे. कॅलिफोर्नियात १९७५ पासून दोष कितीही असला तरी उरलेली रक्कम मिळते; अनेक राज्यांत दोष निम्म्याच्या आसपासची मर्यादा ओलांडताच दावा बुडतो. अलाबामा, मेरिलँड, नॉर्थ कॅरोलायना व व्हर्जिनिया येथे जुना पूर्ण प्रतिबंध टिकून आहे.

वजावट ही शिक्षा नव्हे. दावेदाराची चूक आणि इजा यांचा कार्यकारणसंबंध दिसला पाहिजे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. सीटबेल्टविषयीच्या १९७५ च्या इंग्रजी निवाड्यात ही कसोटी स्पष्ट दिसते : पट्ट्याने इजा पूर्ण टळली असती तर २५ टक्के, बरीच सौम्य झाली असती तर १५ टक्के आणि काहीच फरक पडला नसता तर वजावट शून्य.

भारतात मोटार अपघात न्यायाधिकरणे हेच तत्त्व वापरतात. एकूण नुकसान १० लाख रुपये व दावेदाराचा दोष ३० टक्के ठरला, तर ७ लाख मिळतात. दोष सिद्ध करण्याचा भार तो आरोप करणाऱ्यावर असतो. मोटारसायकलवर तिघे बसले होते एवढ्याच कारणाने उच्च न्यायालयाने केलेली १० टक्के वजावट सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये रद्द केली; तिघे बसल्यामुळेच अपघात घडला किंवा त्याची तीव्रता वाढली, असा पुरावा नव्हता.