मंद आचेवरचे रामेन आणि पांढरा न होणारा रस्सा

ठाणे आणि नवी मुंबईतल्या स्वयंपाकघरांत एअर फ्रायरच्या शेजारी आता अधूनमधून स्लो कुकरही दिसू लागला आहे. त्यात डुकराच्या हाडांचे जपानी रामेन, म्हणजे रस्स्यातल्या नूडल्स, करून पाहणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. हाडे रात्रभर शिजत ठेवली, सकाळी मांस बोटाने सुटून आले, पण रस्सा काही हॉटेलातल्यासारखा दुधाळ झाला नाही. त्यावर मिळणारा सल्लाही ठरलेलाच असतो: अजून चार तास राहू द्या. हा सल्ला चुकीचा आहे. चार सोडाच, आणखी चोवीस तास ठेवले तरी तो रस्सा दुधाळ होणार नाही, कारण रस्सा दाट होणे आणि पांढरा होणे या दोन अगदी निराळ्या घटना आहेत. पहिलीला वेळ लागतो, दुसरीला खळखळ लागते. स्लो कुकर वेळ हवा तितका देतो, खळखळ मात्र जवळजवळ देतच नाही.

हे उपकरण मुळात मंदपणासाठीच घडवलेले आहे. अमेरिकेतील अर्विंग नॅक्सन यांना 1940 मध्ये त्याचे पेटंट मिळाले, आणि 1971 पासून ते क्रॉक-पॉट या नावाने घरोघरी पोहोचले. चिनी मातीच्या जाड भांड्याभोवती तापणारी तार गुंडाळलेली असते आणि मध्यम आकाराच्या कुकरला साधारण 200 ते 250 वॉट पुरतात, म्हणजे आठ तासांना दोन युनिटांपेक्षा जास्त वीज जात नाही. ‘लो’ आणि ‘हाय’ यांतला फरक बहुतेक कुकरांत अंतिम तापमानाचा नसून तिथवर पोहोचायला लागणाऱ्या वेळाचा असतो. दोन्हींत रस्सा अखेर उकळीच्या किंचित खाली येऊन स्थिरावतो. वाफ झाकणाला लागून परत आत ठिबकते, त्यामुळे पाणी आटत नाही, आणि म्हणून ते सुरुवातीलाच बेताने, हाडे जेमतेम बुडतील इतकेच घालावे.

आता त्या मंद आचेत काय घडते ते पाहू. डुकराचे पाय मागितले, की पोर्कवाला ते सत्तूरने उभे चिरून देतो. त्या चिरलेल्या भागात हाडापेक्षा पांढरट, चिवट, दातांना न जुमानणारा भागच अधिक दिसतो. ती कातडी, त्या कंडरा आणि कूर्चा, आणि या सगळ्यांतले मुख्य प्रथिन म्हणजे कोलॅजेन. सस्तन प्राण्यांच्या शरीरातले हे सर्वाधिक प्रमाणात आढळणारे प्रथिन आहे. त्याची रचना उलगडण्याचे मोठे श्रेय भारताकडे जाते. मद्रास विद्यापीठातील जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी 1954 मध्ये कोलॅजेनचे तिहेरी मळसूत्राचे प्रारूप ‘नेचर’मध्ये मांडले आणि 1955 मध्ये त्यात महत्त्वाची सुधारणा केली. स्वयंपाकघरात रोज शिजणाऱ्या पदार्थाचे रेण्वीय चित्र आपल्याच देशात काढले गेले, हे आपल्या पाठ्यपुस्तकांनी अधिक ठळकपणे सांगायला हवे होते.

या रचनेत अमिनो आम्लांच्या तीन लांब साखळ्या एकमेकींभोवती पीळ घेतात. पीळ इतका घट्ट असतो, की आतल्या बाजूला जागाच उरत नाही. तिथे मावू शकते ते फक्त सर्वांत लहान अमिनो आम्ल, ग्लायसिन. म्हणून साखळीतले दर तिसरे स्थान ग्लायसिनचे असते. उरलेल्या दोन स्थानांवर बऱ्याचदा प्रोलिन आणि हायड्रॉक्सीप्रोलिन येतात. ही दोन्ही ताठ, सहज न वळणारी आम्ले असून त्यांच्यामुळे पीळ टिकून राहतो. प्रोलिनला हायड्रॉक्सिल गट जोडून हायड्रॉक्सीप्रोलिन बनवणाऱ्या विकराला (एन्झाइमला) क जीवनसत्त्व लागते. ते आहारात नसेल तर नवे कोलॅजेन कच्चे राहते आणि हिरड्यांतून रक्त येऊ लागते. खलाशांना होणारा स्कर्व्ही तो हाच. उलट, हायड्रॉक्सीप्रोलिन जितके कमी तितका पीळ कमी उष्णतेत सुटतो. माशांच्या कोलॅजेनमध्ये ते सस्तन प्राण्यांहून कमी असते. बोंबील चार मिनिटांत शिजतो आणि पाया तासन्‌तास घेतो, यामागचे एक कारण हेही आहे.

डुकराच्या मांसातले कोलॅजेन साधारण 60 ते 65 अंश सेल्सिअसला पीळ सोडू लागते. पण पीळ सुटला म्हणजे काम झाले असे नाही. शेजारशेजारच्या साखळ्यांना एकमेकींशी बांधणारे सहसंयुज बंध असतात आणि जनावराच्या वयाबरोबर ते वाढत जातात. हे बंध आणि साखळीतल्या अमिनो आम्लांना एकमेकांशी जोडणारे काही पेप्टाइड बंध पाण्याच्या साहाय्याने तुटावे लागतात, तेव्हाच साखळ्या मोकळ्या होऊन रस्स्यात उतरतात. हीच जिलेटिन. ही दुसरी पायरी संथ असते आणि तापमानाबरोबर तिचा वेग झपाट्याने वाढतो. 70 अंशांना जे दिवसभर चालेल ते 95 अंशांना एका रात्रीत होते, आणि प्रेशर कुकरमध्ये सुमारे 120 अंशांना दीड-दोन तासांत उरकते. तेव्हा स्लो कुकर काही जादू करतो असे नाही. तेच काम तो लक्ष न मागता करतो, इतकेच.

काम झाले की नाही हे गाळलेला रस्सा थंड केल्यावर कळते. थंडीत जिलेटिनच्या साखळ्या ठिकठिकाणी पुन्हा अर्धवट पीळ घेतात, त्यांचे जाळे तयार होते आणि त्यात पाणी अडकते. फ्रीजमधून काढलेले पातेले हलवले की रस्सा डचमळत नाही, तर अख्खा थरथरतो. ही परीक्षा ओट्यावर घेऊ नये, कारण हे जाळे तीस-पस्तीस अंशांच्या आसपासच वितळते, आणि ठाण्यातली मे महिन्यातली दुपार ते जमू देणार नाही.

इथे एका लोकप्रिय समजुतीचा समाचार घेणे भाग आहे. हाड मोडले की पायाचे सूप प्यावे, आणि गुडघ्यांसाठी किंवा कातडीच्या तजेल्यासाठी कोलॅजेनची महागडी पावडर घ्यावी, या दोन्हींच्या मुळाशी ‘जे खाल ते जसेच्या तसे जागेवर जाऊन बसेल’ ही एकच कल्पना आहे. जठर आणि आतडे जिलेटिनचे तुकडे करून अमिनो आम्ले आणि लहान पेप्टाइड बनवतात, आणि त्या तुकड्यांवर गुडघ्याचा पत्ता लिहिलेला नसतो. शिवाय जिलेटिनमध्ये ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतेच, त्यामुळे प्रथिन म्हणूनही ती अपुरी आहे. पायाचे सूप चवीसाठी प्यावे. त्याला औषधाचे प्रमाणपत्र लागत नाही.

आता पांढऱ्या रंगाकडे वळू. आपल्याकडे कोल्हापुरी पांढरा रस्सा पांढरा होतो तो मुख्यतः नारळाच्या दुधामुळे, आणि नारळाचे दूध म्हणजे पाण्यात विखुरलेले तेलाचे सूक्ष्म थेंब, अर्थात पायस. जपानच्या क्युशू बेटावरील कुरुमे शहराशी ज्याचे नाव जोडलेले आहे त्या तोन्कोत्सु, म्हणजे डुकराच्या हाडांच्या, रस्स्यातही पायसच असते, फक्त ते बाहेरून घातलेले नसून पातेल्यातच तयार झालेले असते. हाडांतली मज्जा आणि मांसातली चरबी वितळून वर येते. चरबी आणि पाणी यांच्या सीमेवर पृष्ठीय ताण असतो, आणि निसर्गतः ती सीमा शक्य तितकी कमी ठेवण्याकडे दोन्ही द्रवांचा कल असतो, म्हणून चरबी एकत्र येऊन वर सोनेरी तवंग धरते. मोठ्या आचेवर रस्सा खदखदू लागला की वर उसळणारे वाफेचे बुडबुडे हा तवंग फाडून त्याचे बारीक बारीक थेंब करतात. थेंब पुन्हा एक व्हायच्या आत जिलेटिनच्या साखळ्या आपले जलविरोधी भाग चरबीकडे आणि जलस्नेही भाग पाण्याकडे करून त्यांच्याभोवती वेढा घालतात. मज्जेतून आलेले फॉस्फोलिपिडही त्यांना साथ देतात. अशा थेंबांचा आकार प्रकाशाच्या तरंगलांबीएवढा किंवा त्याहून थोडा मोठा असला, तर ते सर्व रंगांचा प्रकाश जवळजवळ सारखाच विखुरतात, आणि सर्व रंग सारखे विखुरले की डोळ्यांना पांढरे दिसते. गाईचे दूध पांढरे दिसण्यातही चरबीच्या थेंबांचे असेच काम असते.

स्लो कुकरमध्ये वेढा घालायला जिलेटिन तयार असते, चरबीही भरपूर असते, पण तवंग फाडणारे कोणी नसते. उपाय सोपा आहे. रात्रभर शिजलेला रस्सा हाडांसकट मोठ्या पातेल्यात ओतून गॅसच्या मोठ्या आचेवर तासभर खळाखळा उकळावा आणि आटेल तसे उकळते पाणी घालत राहावे. किंवा रस्सा गाळून त्यात थोडी चरबी ठेवावी आणि हँड ब्लेंडर फिरवावा. एक-दोन मिनिटांत रंग बदलतो. गरम रस्सा मिक्सरच्या बंद भांड्यात मात्र घालू नये, वाफेने झाकण उडते.

माझे मत विचाराल, तर स्लो कुकरकडून पांढऱ्या रस्स्याचा हट्ट धरूच नये. जपानमध्ये पारदर्शक रस्स्याचे रामेन तितकेच मानाचे आहे, आणि ते करताना उलट रस्सा उकळू नये म्हणूनच जपावे लागते. या यंत्राचा दोष तिथे गुण ठरतो. फक्त आधी हाडे साध्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटे उकळून ते करडे, फेसाळ पाणी फेकून द्यावे आणि मणक्याच्या खाचेतले रक्ताचे काळे ठिपके जुन्या ब्रशने घासून काढावेत. गढूळपणाचा मोठा भाग तिथेच संपतो. वर ठेवायचे पोटाचे मांस लोखंडी तव्यावर आधी चांगले लालसर भाजून घ्यावे, कारण भाजल्याची चव देणाऱ्या मेयार अभिक्रिया पाण्यात बुडालेल्या मांसात जेमतेमच होतात. हे मांस हाडांपेक्षा कितीतरी आधी शिजते, म्हणून ते चार-पाच तासांत काढून घ्यावे आणि गार झाल्यावरच कापावे.

एका बाबतीत मात्र मंद आच धोक्याची आहे. 5 ते 60 अंशांच्या पट्ट्यात जिवाणू फोफावतात आणि स्लो कुकर हा पट्टा सावकाश ओलांडतो. त्यामुळे गोठलेले मांस थेट त्यात टाकू नये, आणि हाडांवर पाणी उकळतेच ओतावे. पावसाळ्यात रात्री वीज गेली आणि किती वेळ गेली होती हे ठाऊक नसेल, तर सकाळी तो रस्सा टाकून द्यावा. पुन्हा उकळल्याने काही जिवाणूंची विषे नष्ट होत नाहीत. क्लोस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जिवाणूचे बीजाणू उकळीतूनही वाचतात आणि रस्सा हळूहळू थंड होताना अंकुरतात, म्हणून उरलेला रस्सा उथळ भांड्यांत ओतून, ती थंड पाण्याच्या परातीत ठेवून, दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जायला हवा.

रामेनच्या नूडल्सना पिवळेपणा आणि ताण येतो तो अल्कधर्मी क्षारांमुळे, आणि त्यांच्याशिवायची साधी मैद्याची नूडल्स घेतली तर रस्स्यात पाच मिनिटांत लगदा होतो. ते क्षार म्हणजे प्रामुख्याने सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेट. खाण्याचा सोडा तासभर ओव्हनमध्ये भाजला, की त्यातला कार्बन डायऑक्साइड आणि पाणी निघून जाऊन सोडियम कार्बोनेट उरते. मैद्याच्या वजनाच्या एक टक्का इतके ते पाण्यात विरघळवून पीठ घट्ट मळावे आणि हा क्षार हाताळताना हातमोजे घालावेत, कारण त्याने कातडी चुरचुरते.