जवान शहीद झाल्यावर घरच्यांनी कुठला कागद आधी बघायचा

आधी एक सांगतो, सरकारी कागदावर 'शहीद' शब्द शोधत बसू नका, तो तिथे नसतोच. सैन्याच्या भाषेत एकतर 'बॅटल कॅज्युअल्टी' (लढाईशी संबंधित मृत्यू) असते नाहीतर 'फिजिकल कॅज्युअल्टी' (अपघात, आजार वगैरे), आणि पुढचं जवळपास सगळं या एका नोंदीवर ठरतं. म्हणून तेराव्यानंतर युनिटचे लोक कागद घेऊन घरी येतात तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारायचा की नोंद कशात केलीय, आणि बॅटल कॅज्युअल्टी असेल तर सर्टिफिकेटची कॉपी मागून ठेवायची.

फरक किती पडतो बघा. शत्रूशी किंवा अतिरेक्यांशी लढताना गेला तर लिबरलाइज्ड फॅमिली पेन्शन, म्हणजे शेवटच्या पगाराएवढी (मूळ पगार, मिलिटरी सर्व्हिस पे वगैरे धरून), वर महागाई भत्ता. ड्युटीमुळे पण अपघाताने किंवा आजाराने गेला तर स्पेशल फॅमिली पेन्शन, ती त्याच पगाराच्या 60 टक्के. आणि मृत्यूचा ड्युटीशी संबंधच नाही असं ठरलं तर साधी फॅमिली पेन्शन, 30 टक्के, सुरवातीची काही वर्षं 50. केंद्राची एकरकमी मदतपण अशीच, अपघाताला 25 लाख, सीमेवरच्या चकमकीत 35, युद्धात 45 लाख. ऑपरेशनच्या भागात गाडी दरीत गेली तर तोही अपघातच, पण काही वेळा बॅटल कॅज्युअल्टीत बसतो, म्हणून कोर्ट ऑफ इन्क्वायरीचा (सैन्याच्या अंतर्गत चौकशीचा) निकाल काय लागला ते लेखी घ्याच, तोंडी "होईल काम" वर थांबू नका.

अग्निवीराचं, म्हणजे चार वर्षांसाठी भरती झालेल्या जवानाचं, गणित वेगळं आहे. 48 लाखांचा विमा, सेवेमुळे मृत्यू असेल तर त्यावर आणखी 44 लाख आणि चार वर्षांतल्या उरलेल्या महिन्यांचा पगार. फॅमिली पेन्शन नाही. हे ऐकायला कडू आहे पण आधी माहीत असलेलं बरं.

पैसे कोणाच्या नावावर, यावरून घरात भांडणं होतात. पेन्शन नियमाने पत्नीला जाते, विमा मात्र जवानाने नॉमिनी म्हणून ज्याचं नाव लिहिलंय त्याला, मग ती आई असो की बायको. अविवाहित असेल तर पेन्शनसाठी आईवडील. पुनर्विवाह केला म्हणजे सगळं लगेच बंद असंही नाही, त्याचे नियम रेकॉर्ड ऑफिसकडून (जवानाच्या सेवेची नोंद ठेवणाऱ्या सैन्याच्या कार्यालयाकडून) लेखी विचारून घ्या, भावकीतल्या कोणाच्या सांगण्यावर जाऊ नका.

कागदं तीच नेहमीची, मृत्यूचा दाखला, लग्नाची नोंद, मुलांचे जन्मदाखले, आधार, पॅन, पत्नीच्या एकटीच्या नावाचं बँक खातं, फोटो. अडतं ते नावात. माहेरचं नाव दाखल्यावर, सासरचं आधारवर, आणि सर्व्हिस रेकॉर्डला जवानाने भरतीनंतर घाईत लिहिलेलं तिसरंच स्पेलिंग. फाईल इथेच महिनोन्महिने पडून राहते, तेव्हा प्रतिज्ञापत्र करून हे आधीच जुळवून घ्या. पेन्शन आता स्पर्श या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पोर्टलवर चालते, दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, तिथला मोबाईल नंबर पत्नीचाच टाका, दिराचा नको.

यानंतर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. तिथे ओळखपत्र काढायचं, मग मुलांची पंतप्रधान शिष्यवृत्ती (मुलीला महिना 3000, मुलाला 2500), राज्य सरकारची मदत, घरपट्टी माफी हे सगळं एकेक करून, कारण प्रत्येकाचा अर्ज वेगळा. उपचारासाठी ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्ड. लढाईत गेलेल्याच्या पत्नीच्या या पेन्शनवर इन्कम टॅक्सपण लागत नाही, बँकेने कापला तर परत मागता येतो.

आणि पेन्शनचा दावा नाकारल्याचं पत्र आलं तर ते फाडू नका, रागाच्या भरातसुद्धा. अपीलाची मुदत पत्र मिळाल्यापासून सहा महिने, तिथेही नाही जमलं तर आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल, म्हणजे सैन्याच्या प्रकरणांचं न्यायाधिकरण, त्याचं खंडपीठ मुंबईत आहे. आलेलं पाकीटसुद्धा जपून ठेवा, मुदत मोजताना त्यावरचा पोस्टाचा शिक्का कामाला येतो.