टीव्हीचा आवाज वरखाली होतो, पण कुठला? ऑटो व्हॉल्यूम आणि नाईट मोडचा घोळ

"आमच्या टीव्हीचा आवाज सारखा कमीजास्त होतो" असं कोणी म्हटलं की अर्धे लोक सांगतात ऑटो व्हॉल्यूम चालू कर, उरलेले सांगतात नाईट मोड लाव, आणि एखादा महाभाग असतोच जो म्हणतो साउंडबार घे. पण नक्की कधी कमीजास्त होतो हे एकही जण विचारत नाही. खरंतर तेवढं विचारलं तरी निम्मं काम होतं, कारण ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की कधीकधी त्रास वाढतो.

पहिलं दुखणं सगळ्यांच्या ओळखीचं आहे त्यामुळे पटकन उरकतो. मालिका १८ वर मस्त ऐकू येत असते, जाहिरात लागते आणि खालच्या मजल्यावरच्यांनाही कळतं की कुठला साबण चांगला. किंवा चॅनल बदललं, नाहीतर सिनेमा संपवून यूट्यूब लावलं, की एकदम दणका. म्हणजे एक कार्यक्रम आणि दुसरा कार्यक्रम यांच्यातला फरक. दुसरं दुखणं एकाच सिनेमाच्या पोटातलं. रात्री अकरा वाजता दोघं अंधारात कुजबुजतायत, डोक्यावर पंखा पाचवर, काही कळत नाही म्हणून तुम्ही आवाज ३५ वर नेता आणि पुढच्याच सेकंदाला गाडी उडते, पोरगं उठतं, बायको बघते.

पहिल्यावरचा उपाय म्हणजे नॉर्मलायझेशन. अख्खा कार्यक्रम मोजायचा, त्याचा एक सरासरी आकडा काढायचा आणि तो ठरलेल्या आकड्याला येईल इतपत सगळाच्या सगळा कार्यक्रम वर किंवा खाली सरकवायचा. पेटीवर पट्टी बदलतो ना आपण, पांढरी एकवरून काळी दोनवर गेलो तरी चाल तीच, सुरांमधली अंतरं तीच, फक्त गाणं सगळंच वर सरकलं, तसंच हे, फक्त सुराच्या जागी आवाजाचा जोर. कुजबुज आणि स्फोट यांच्यातलं अंतर जेवढं होतं तेवढंच राहतं. हे वाक्य जरा परत वाचा, सगळा घोळ इथेच होतो.

मोजायची पद्धत आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ मध्ये ठरवली, त्यावरून युरोपातल्या प्रसारकांनी २०१० मध्ये −२३ एलयूएफएस (कानाला जाणवणारा आवाज मोजायचं एकक, शून्य म्हणजे कमाल मर्यादा, उणे आकडा जितका मोठा तितका आवाज हळू) हा आकडा घेतला, अमेरिकेत −२४ आहे आणि तिथे जाहिराती कार्यक्रमापेक्षा मोठ्या आवाजाच्या नसाव्यात असा कायदाच डिसेंबर २०१२ पासून लागू आहे. आपल्याकडे केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांत जाहिरात फार 'लाऊड' नसावी एवढं म्हटलंय, फार म्हणजे किती ते त्या वाक्यात नाही, त्यामुळे ज्याची त्याची व्याख्या. नेटफ्लिक्स संवाद मोजून −२७ मागतं, यूट्यूब साधारण −१४ च्या वर गेलेला व्हिडिओ खाली ओढतं (हळू असलेला मात्र वर उचलत नाही). मोजायच्या पद्धती सारख्या नाहीत, तरी ढोबळ हिशेबाने दोघांत १३ डेसिबलचं अंतर आणि १० डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. सिनेमानंतर यूट्यूब लावल्यावर दचकायला होतं ते यामुळे, टीव्ही बिघडलेला नसतो.

आता जाहिरात. "जाहिरात लागली की चॅनलवाले मुद्दाम आवाज वाढवतात" हे इतक्यांदा ऐकलंय की आता वाद घालायचाही कंटाळा येतो. बटण फिरवायची गरजच नसते हो. पूर्वी फक्त टोक तपासायचे, म्हणजे आवाजाचं सगळ्यात उंच शिखर ठरलेल्या रेषेच्या वर जात नाही ना एवढंच. मालिकेत ते शिखर कधीतरी येतं, सासूने ताट आपटलं की. जाहिरातवाला काय करतो, प्रत्येक शब्द, प्रत्येक टाळी दाबूनदाबून त्या शिखराच्या उंचीला आणून ठेवतो. टोक तेच पण सरासरी कितीतरी वर. ही जी दाबादाबी आहे ना, तिचंच नाव कॉम्प्रेशन. (एमपीथ्री करताना फाईल लहान होते ते कॉम्प्रेशन वेगळं, त्याचा इथे काही संबंध नाही, प्लीज तो विषय मधे आणू नका.)

आणि गंमत अशी की हेच कॉम्प्रेशन दुसऱ्या दुखण्याचं औषध आहे. जाहिरातीत चढउतार उरलेलाच नसतो म्हणून ती टोचते, सिनेमात चढउतार घराला झेपत नाही इतका असतो म्हणून तो त्रास देतो. दोन्हीकडे तक्रार मात्र एकच, "आवाज वाढला".

नेटफ्लिक्सचंच उदाहरण घ्या. संवाद −२७ च्या आसपास आणि शिखर −२ डेसिबलपर्यंत चालतं. म्हणजे साध्या बोलण्याच्या वर २५ डेसिबलचं मोकळं रान आहे आणि स्फोट त्यात हवा तसा नाचू शकतो. हा सिनेमा सगळ्या नियमांत बसतो, नॉर्मलायझेशन झालेलं आहे, सरासरी अगदी बरोबर आहे, आणि तरीही पोरगं उठतं! थिएटरात पडद्यामागचा एकेक स्पीकर ८५ डेसिबलला लावून घेतात आणि टोकाला तो १०५ पर्यंत जाऊ शकतो, तिथे बाकी सगळं चिडीचूप असतं म्हणून मजा येते. आपल्या हॉलमध्ये पंखा, रस्त्यावरचे हॉर्न आणि शेजारचा मिक्सर. बोलणं त्यांच्या वर काढायचं आणि स्फोट भिंतीच्या आत ठेवायचा तर मधली जागा आक्रसायलाच लागते, सगळं एकत्र वरखाली सरकवून काहीही होत नाही.

नाईट मोड, डीआरसी (डायनॅमिक रेंज कॉम्प्रेशन, म्हणजे हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर कमी करणं), डायनॅमिक रेंज, काही ठिकाणी 'रिड्यूस लाऊड साउंड्स', नावं कायपण असली तरी काम हेच आक्रसायचं. एक रेषा ठरवतात, तिच्या वर जे जाईल ते दाबतात. प्रमाण ४ ला १ ठेवलं तर रेषेच्या २० डेसिबल वर जाणारा स्फोट फक्त ५ च वर जातो. मग पाहिजे तर सगळंच थोडं उचलायचं, म्हणजे कुजबुज वर येते. घरी बघायचं असेल तर कॉम्प्युटरवरच्या व्हीएलसी प्लेअरमध्ये इफेक्ट्समध्ये कॉम्प्रेसर आहे, थ्रेशोल्ड (ती रेषा), रेशो (ते प्रमाण), मेकअप गेन (सगळंच उचलणं) असे सरकवायचे दांडे आहेत, कुठल्याही मारामारीच्या सीनवर दहा मिनिटं खेळा, माझ्या ह्या एवढ्या लांबड्यापेक्षा लवकर कळेल.

मग टीव्हीतला ऑटो व्हॉल्यूम कुठे बसतो? तो नॉर्मलायझेशन करायला जातो पण बिचाऱ्याला पुढे काय येणार हे माहीत नसतं, कार्यक्रम आधी मोजलेला नसतो. नुसता ऐकत ऐकत हात वरखाली करतो. चॅनल बदलताना, जाहिरातीला ठीक आहे, तिथे चालू ठेवा. पण सिनेमाला लावलात तर शांत सीनमध्ये तो आवाज वर नेत बसतो, मागची सरसर ऐकू यायला लागते, मग दार आपटतं ते त्या वाढलेल्या आवाजात, घाबरून तो सगळं खाली ओढतो आणि दारानंतरचं मुख्य वाक्य बुडतं. श्वास घेतल्यासारखा आवाज फुगतो आणि बसतो, एकदा लक्षात आलं की नंतर दुसरं काही ऐकूच येत नाही. उलट जाहिरातीवर नाईट मोड लावून फार काही हाती लागत नाही, ती आधीच इस्त्री मारल्यासारखी सपाट असते.

एक तिसरी भानगड आहे, थोडक्यात सांगतो. संवाद सारखेच बारीक आणि संगीत दणदणीत, असं सिनेमाभर असेल तर ऑडिओच्या यादीत ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर यांच्यासाठीचा ट्रॅक) निवडलंय का बघा. संवाद मधल्या स्पीकरला पाठवलेले असतात आणि तुमच्याकडे तो नसेल आणि कुठेतरी जोडणीत गडबड असेल तर ते हरवतात. साधा स्टिरिओ ट्रॅक निवडा. यासाठी साउंडबार विकत घेऊ नका, निदान आधी हे करून बघा.

आमच्याकडे ऑटो व्हॉल्यूम फक्त सेट टॉप बॉक्सच्या इनपुटला चालू आहे, सिनेमाच्या इनपुटला बंद. नाईट मोड रात्री दहानंतर, रविवारी दुपारी चुकूनही नाही, तेव्हा स्फोट स्फोटासारखाच ऐकायचा असतो. आईला यातलं काहीच मान्य नाही, ती जाहिरात लागली की म्यूट दाबते आणि कुकर बघायला जाते.