नाव घेऊन केलेले स्वागत : अमेरिकेतील लुथरन मंडळ्या आणि समेटाची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या अनेक लुथरन, म्हणजे मार्टिन लुथरच्या प्रोटेस्टंट परंपरेतल्या, चर्चच्या दाराशी, किंवा रविवारच्या उपासनेच्या पत्रकावर, एक छोटे निवेदन छापलेले असते. वंश, भाषा, वय, अपंगत्व, आर्थिक स्थिती, लैंगिक कल, लिंगओळख, स्थलांतरितांची कागदपत्रे असे एकेक शब्द त्यात येतात, आणि या साऱ्यांसह तुम्ही आम्हाला हवे आहात असे त्यात म्हटलेले असते. पहिल्यांदा वाचणाऱ्याला वाटते, एवढी लांबण कशाला? ‘सर्वांचे स्वागत’ हे दोन शब्द पुरले नसते का? हे दोन शब्द बहुतेक चर्चच्या पाटीवर आधीपासूनच होते. ते का पुरले नाहीत, हे समजण्यासाठी जवळपास दोनशे वर्षे मागे जावे लागते.

आधी ‘मंडळी’ या शब्दाविषयी थोडे. मराठी ख्रिस्ती लोक कॉंग्रिगेशनला मंडळी म्हणतात, आणि लुथरन विचारात त्याला नेमका अर्थ आहे. १५३० च्या आउग्सबुर्ग कबुलीजबाबात, म्हणजे लुथरन विश्वासाच्या मूळ जाहीरनाम्यात, चर्च म्हणजे इमारत किंवा अधिकाऱ्यांची उतरंड नव्हे, तर जिथे शुभवर्तमान नीट शिकवले जाते आणि संस्कार नीट दिले जातात अशी विश्वासणाऱ्यांची मंडळी, असे सांगितले आहे. अमेरिकेत याला व्यवहाराचीही जोड मिळाली. मंडळी आपला पाळक मतदानाने निवडते, इमारत तिच्या मालकीची असते, वार्षिक अंदाजपत्रक ती स्वतः मंजूर करते. दारावरचे ते निवेदनही वरून आलेला हुकूम नसतो. शेजारी बसणाऱ्या माणसाने हात वर करून त्याला होकार किंवा नकार दिलेला असतो. या निवेदनाचे मोल आणि त्यासाठी मोजलेली किंमत, दोन्ही इथूनच येतात.

हेन्री मेल्खिऑर म्यूलेनबर्ग १७४२ मध्ये पेनसिल्व्हेनियात आले आणि १७४८ मध्ये त्यांनी तिथल्या विखुरलेल्या जर्मन मंडळ्यांना एका छत्राखाली आणले. पुढच्या दीडशे वर्षांत स्वीडिश, नॉर्वेजियन, डॅनिश, फिनिश लोक आले आणि प्रत्येकाने आपल्या भाषेतले चर्च उभारले. परक्या देशात ती घरासारखी जागा होती. तळघरातले स्वयंपाकघर, उपासनेनंतरची कॉफी, बायकांनी एकत्र बसून शिवलेल्या गोधड्या हे सामूहिक जीवन खरे होते, मायेचे होते. त्या गोधड्या आजही लुथरन मदतसंस्थेमार्फत जगभरच्या निर्वासितांपर्यंत पोहोचतात. पण जिथे प्रत्येक जण प्रत्येकाच्या आजोबांना ओळखतो, तिथे ज्याचे आजोबा कुणालाच माहीत नाहीत त्याने कुठे बसायचे? त्याला कुणी हाकलत नव्हते. त्याला कुणी बोलावतही नव्हते.

काही जणांना मात्र उघड हाकलले गेले. साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटन शहरातला जेहू जोन्स हा स्वतंत्र कृष्णवर्णीय शिंपी तिथल्या सेंट जॉन्स लुथरन मंडळीचा सभासद होता. लायबेरियात धर्मप्रसारासाठी जायचे म्हणून १८३२ मध्ये न्यूयॉर्कला त्याला पाळकाची दीक्षा मिळाली. अमेरिकेतला तो पहिला कृष्णवर्णीय लुथरन पाळक. तो घरी परतला, तर राज्याबाहेर गेलेल्या स्वतंत्र कृष्णवर्णीयांना परत येण्यास बंदी करणाऱ्या कायद्याखाली त्याला अटक झाली आणि शहर सोडावे लागले. मग त्याने फिलाडेल्फियात सेंट पॉल्स ही मंडळी उभी केली. चर्चची इमारत बांधली, पण तिचे कर्ज फेडायला लुथरन बांधवांकडून पुरेशी मदत आली नाही आणि ती हातची गेली.

त्याच चार्ल्सटनमधला डॅनियल अलेक्झांडर पेन कृष्णवर्णीय मुलांसाठी शाळा चालवत असे. १८३४ मध्ये राज्याने अशा शिक्षणावर बंदी घालणारा कायदा केला आणि शाळा बंद पडली. पेन उत्तरेकडे गेला, गेटिसबर्गच्या लुथरन सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयात, शिकला, आणि १८३९ मध्ये फ्रँकीन सिनडने, म्हणजे तिथल्या मंडळ्यांच्या संघाने, त्याला दीक्षा दिली. न्यूयॉर्क राज्यात १८३७ मध्ये स्थापन झालेली ही लहानशी सिनड गुलामगिरीला उघड पाप म्हणत होती. बाकीच्या बहुसंख्य लुथरन संस्थांनी ‘हा राजकीय प्रश्न आहे’ म्हणून गप्प राहणे पसंत केले. पेन फार काळ लुथरन राहिला नाही. तो आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चमध्ये, म्हणजे एएमई चर्चमध्ये गेला आणि १८५२ मध्ये तिथे बिशप झाला. लुथरन चर्चने केवढा माणूस गमावला हे लुथरन इतिहासात फार उशिरा लिहिले गेले. पेनचे नाव लक्षात ठेवावे, कारण ही गोष्ट पुन्हा चार्ल्सटनला येणार आहे.

विसाव्या शतकात बदलाचा पहिला मोठा टप्पा १९७० चा. त्या वर्षी दोन लुथरन संघटनांनी स्त्रियांना दीक्षा द्यायचे ठरवले. नोव्हेंबरमध्ये एलिझाबेथ प्लाट्झ आणि डिसेंबरमध्ये बार्बरा अँड्र्यूज पाळक झाल्या. अँड्र्यूज चाकाच्या खुर्चीत बसून वेदीपाशी आल्या होत्या. दोन दारे एकाच माणसाने उघडली, असे म्हणावेसे वाटते.

१९७४ मध्ये मिनिआपोलिसला मोजकी माणसे जमली आणि समलिंगी लुथरनांसाठी ‘लुथरन्स कन्सर्न्ड’ ही संघटना सुरू झाली. आज तिचे नाव रीकन्सायलिंगवर्क्स आहे. ही माणसे बाहेरून टीका करायला आलेली नव्हती. ती याच चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतलेली, गायनवृंदात गाणारी, रविवारच्या शाळेत शिकवणारी होती. आपण कोण आहोत हे सांगितले तर आपली जागा राहील का, एवढेच त्यांना विचारायचे होते. ‘सर्वांचे स्वागत’ या पाटीवरून त्याचे उत्तर कळत नव्हते. म्हणून १९८० च्या दशकात या संघटनेने ‘रीकन्सायलिंग इन ख्राइस्ट’ हा उपक्रम सुरू केला. मंडळीने अभ्यास करायचा, खुली चर्चा करायची, मतदान घ्यायचे आणि ज्यांचे स्वागत करतो त्यांची नावे घेऊन निवेदन स्वीकारायचे, अशी त्याची रीत.

उपक्रमाचे नाव पौलाच्या करिंथकरांस दुसऱ्या पत्रातले आहे. मराठी बायबलमध्ये तिथे ‘समेटाची सेवा’ असा शब्द येतो. आपण समेट म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर देवाणघेवाण येते, थोडे तुम्ही सोडा, थोडे आम्ही सोडतो. पौलाच्या मनात ते नाही. तिथे ज्याच्याविरुद्ध अपराध झाला तोच, म्हणजे देव, पुढाकार घेतो आणि दुरावलेल्याला जवळ करतो. मंडळीने हा शब्द स्वतःवर लावायचा तर पहिला प्रश्न असा येतो की अपराध कुणाचा होता? प्रत्येक मंडळीत चर्चा अडते ती इथेच.

तीन लुथरन संघटना एकत्र येऊन १ जानेवारी १९८८ पासून इव्हँजेलिकल लुथरन चर्च इन अमेरिका, म्हणजे ईएलसीए, कामाला लागले. सभासद पन्नास लाखांहून अधिक. दहा वर्षांत किमान दहा टक्के सभासद गोरेतर किंवा इंग्रजी मातृभाषा नसलेले असावेत, असे उद्दिष्ट सुरुवातीलाच ठरले. ते गाठता आले नाही. प्यू या संशोधन संस्थेच्या २०१४ च्या पाहणीत ईएलसीएचे ९६ टक्के सभासद गोरे होते.

नव्या चर्चची पहिली मोठी कसोटी सॅन फ्रान्सिस्कोत लागली. तेव्हा एड्सने शहर पोखरले होते. सेंट फ्रान्सिस या लहान मंडळीत अंत्यविधींची रांग लागलेली. आजाऱ्यांच्या उशाशी बसायला पाळक हवा होता, आणि त्या लोकांना समजून घेणारा हवा होता. मंडळीने रुथ फ्रॉस्ट आणि फिलिस झिलहार्ट या जोडप्याला बोलावले. शेजारच्या फर्स्ट युनायटेड मंडळीने जेफ जॉन्सन यांना बोलावले. समलिंगी पाळकाने आजन्म ब्रह्मचारी राहावे, असा चर्चचा नियम होता. तशी शपथ घ्यायला या तिघांनी नकार दिला होता. २० जानेवारी १९९० रोजी दोन्ही मंडळ्यांनी त्यांना दीक्षा दिली. जुलैमध्ये चर्चच्या शिस्तपालन समितीपुढे सुनावणी झाली. दोन्ही मंडळ्या पाच वर्षांसाठी निलंबित झाल्या, आणि तोपर्यंत नियमाप्रमाणे न वागल्यास बडतर्फी, असा निकाल लागला. या पाळकांना पदावरून दूर केले असते तर सगळे मिटले असते. मंडळ्यांनी ते केले नाही. ३१ डिसेंबर १९९५ ला त्या ईएलसीएबाहेर गेल्या, आणि दुसऱ्या दिवसापासूनही उपासना, भेटीगाठी, दफनविधी चालूच राहिले. या सगळ्या इतिहासात मला सर्वात धीराची वाटते ती या दोन मंडळ्यांची ती सहा वर्षे. त्यांना जगाला काही दाखवून द्यायचे नव्हते. आपल्या माणसांना मरताना एकटे सोडायचे नव्हते.

१९९० नंतरची जवळपास वीस वर्षे अभ्यासगट, मसुदे, महासभा आणि फेटाळलेले ठराव यांत गेली. ऑगस्ट २००९ मध्ये मिनिआपोलिसच्या महासभेत लैंगिकतेवरचे सामाजिक निवेदन मतदानाला आले. दोन तृतीयांश मते हवी होती. बाजूने ६७६, विरोधात ३३८. एक मत इकडचे तिकडे झाले असते तर निवेदन पडले असते. त्याच दिवशी शहरात चक्रीवादळ आले आणि महासभेच्या सभागृहाशेजारच्या सेंट्रल लुथरन चर्चच्या मनोऱ्याचे नुकसान झाले. दोन्ही बाजूंनी त्यात देवाचा संकेत वाचला, अर्थात वेगवेगळा. दोन दिवसांनी, ५५९ विरुद्ध ४५१ मतांनी, जाहीर आणि आजीवन एकनिष्ठ नाते असलेल्या समलिंगी व्यक्तींना पाळक होण्याचा मार्ग खुला झाला.

त्या निवेदनातली ‘बांधील सदसद्विवेक’ ही कल्पना महत्त्वाची आहे. या प्रश्नावर प्रामाणिक विश्वासणारे लोक वेगवेगळ्या निष्कर्षांवर येतात, त्या सर्वांच्या विवेकाचा मान राखावा, असे त्यात म्हटले होते. म्हणजे समलिंगी पाळक नको म्हणणारी मंडळीही याच चर्चमध्ये राहू शकत होती. तरीही शेकडो मंडळ्या बाहेर पडल्या. २०१० मध्ये ओहायोत नॉर्थ अमेरिकन लुथरन चर्च स्थापन झाले, काही मंडळ्या आधीपासून असलेल्या दुसऱ्या संघटनेत गेल्या. बाहेर पडायला मंडळीला दोनदा मतदान घ्यावे लागते, दोन्ही वेळा दोन तृतीयांश मते लागतात आणि मध्ये किमान नव्वद दिवस जावे लागतात. ते नव्वद दिवस कसे गेले असतील याचा विचार करावा. ज्या तळघरात मिळून स्वयंपाक केला तिथेच मतांची मोजणी. कुठे हरलेली बाजू उठून गेली, कुठे जिंकलेल्या बाजूला रिकामी बाके सांभाळावी लागली. समावेशाबद्दल बोलताना ही हानी झाकू नये. गेलेल्यांतही अनेक जण आपल्या विवेकाशी प्रामाणिक होते.

जुलै २०१० मध्ये जेफ जॉन्सन यांच्यासह सात पाळकांना सॅन फ्रान्सिस्कोत विधिपूर्वक ईएलसीएच्या यादीत घेतले गेले. पुढच्या वर्षी सेंट फ्रान्सिस मंडळीही परतली. २०१३ मध्ये गाय अर्विन हे ईएलसीएचे पहिले उघडपणे समलिंगी बिशप झाले. ते ओसेज या मूळनिवासी राष्ट्राचेही सदस्य आहेत. त्याच वर्षी एलिझाबेथ ईटन प्रमुख बिशपपदी निवडून आलेल्या पहिल्या स्त्री ठरल्या.

आणि मग १७ जून २०१५. चार्ल्सटनच्या इमॅन्युएल एएमई चर्चमध्ये बुधवारच्या बायबल अभ्यासाला एक गोरा तरुण आला. तिथल्या माणसांनी त्याला जागा दिली. तासाभराने त्याने नऊ जणांना गोळ्या घातल्या. हा तरुण ईएलसीएच्या एका मंडळीचा सभासद होता. मृतांपैकी क्लेमेंटा पिंकनी आणि डॅनियल सिमन्स हे दोघे पाळक साउथ कॅरोलायनाच्या लुथरन सेमिनरीत शिकलेले होते. ईटन यांनी तेव्हा लिहिले ते थोडक्यात असे, की ज्यांनी आम्हाला आपले मानले त्यांना मारल्याचा आरोप आमच्यातल्याच एकावर आहे. पेनला ज्या शहरातून जावे लागले, १८६५ मध्ये परत येऊन त्याने ज्या राज्यात एएमई चर्चची घडी बसवली, तेच हे शहर आणि तेच हे चर्च. त्या बुधवारी इमॅन्युएलने एका अनोळखी लुथरन मुलाचे मनापासून स्वागत केले होते.

यानंतर मंडळ्यांच्या समेटाच्या बोलण्यात वंशाचा प्रश्न बाजूला ठेवणे अशक्य झाले. २०१९ च्या मिलवॉकी महासभेत ईएलसीएने गुलामगिरीतील आपल्या सहभागाबद्दल आफ्रिकी वंशाच्या लोकांची माफी मागितली आणि १७ जून हा नऊ हुतात्म्यांचा स्मरणदिन ठरवला. रीकन्सायलिंग इन ख्राइस्ट मंडळ्यांकडूनही आता वांशिक समतेच्या कामाची बांधिलकी मागितली जाते. सुरुवातीच्या निवेदनांत फक्त समलिंगी स्त्री-पुरुषांचा उल्लेख असे. ट्रान्सजेंडर हा शब्द नंतर आला, वंशाची ओळ त्यानंतर. प्रत्येक शब्द घालायला कुणीतरी सभेत उभे राहून, आपण या यादीत नाही, असे सांगावे लागले.

एकाचा समावेश झाला म्हणून दुसऱ्याला इजा होणार नाही, असेही नाही. २०२१ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियातल्या सिनडने अमेरिकेतल्या पहिल्या ट्रान्सजेंडर लुथरन बिशपची निवड केली. त्याच वर्षी १२ डिसेंबरला, ग्वादालूपेच्या मातेच्या, म्हणजे मेक्सिकोत पूजनीय असलेल्या मरियेच्या, सणादिवशीच, स्टॉकटनच्या लॅटिनो मंडळीला कळले की याच सिनडने त्यांच्या पाळकाला आरोपांवरून काढले आहे. मंडळीसाठी तो वर्षातला सर्वात मोठा दिवस होता. बिशपनी जून २०२२ मध्ये राजीनामा दिला. ऑगस्टमध्ये कोलंबसच्या महासभेत ईटन यांनी त्या मंडळीतल्या लोकांची समोरासमोर, सगळ्यांदेखत माफी मागितली.

२०२५ मध्ये येहिएल करी हे ईएलसीएचे पहिले कृष्णवर्णीय प्रमुख बिशप म्हणून निवडून आले. रीकन्सायलिंग इन ख्राइस्टच्या यादीत आता हजाराहून अधिक मंडळ्या आणि संस्था आहेत, आणि जानेवारीचा शेवटचा रविवार त्यांचा खास रविवार असतो. कित्येक मंडळ्यांत त्या दिवशी निवेदन मोठ्याने वाचले जाते. २००९ ची ‘बांधील सदसद्विवेका’ची तरतूद मात्र अजून कायम आहे. समलिंगी पाळकाचे नाव केवळ त्या कारणाने बाजूला ठेवण्याची मुभा मंडळीला आजही आहे. तिचा पुनर्विचार करायचे २०२२ च्या त्याच कोलंबस महासभेत ठरले.