कॅमेरा नंतर, आधी काच

भिगवणहून परतताना भाचीने गाडीतच कॅमेरा माझ्या हातात दिला. "मावशी, यात कवड्या धीवर आहे, बघ ना." म्हणजे काळा-पांढरा खंड्या. स्क्रीनवर उजनी धरणाचं करडं पाणी, त्यातून वर आलेलं बाभळीचं वाळकं खोड आणि खोडाच्या टोकाला एक काळा-पांढरा ठिपका. झूम करत गेले तसा ठिपका मोठा झाला, पण त्याचा पक्षी काही झाला नाही. चोच कुठे संपते आणि डोळा कुठे सुरू होतो, कळेना. कॅमेरा नवा कोरा, २४ मेगापिक्सेलचा. त्यावर सोबत मिळालेली १८-५५ मिमीची किट लेन्स. तिचा पुढचा प्रश्न मला ठाऊकच होता. "याच्यापेक्षा भारी कॅमेरा घ्यायला लागेल का गं?"

नाही लागणार. का, ते समजायला शाळेतल्या समरूप त्रिकोणांइतकंच गणित पुरतं. पक्ष्याची लांबी भागिले त्याचं अंतर, गुणिले लेन्सची फोकल लेंग्थ (लेन्सवर लिहिलेला मिलिमीटरचा आकडा): एवढी पक्ष्याची प्रतिमा सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पट्टीवर, पडते. कवड्या धीवर साधारण पाव मीटर लांब, होडीपासून २० मीटरवर. ५५ मिमीच्या लेन्सने त्याची प्रतिमा पडली ०.७ मिमीची, मोहरीच्या दाण्याहून लहान. तिच्या कॅमेऱ्याचा सेन्सर २२.३ मिमी रुंद आहे आणि त्या रुंदीत ६००० पिक्सेल बसतात, म्हणजे एका मिलिमीटरला साधारण २७०. पक्ष्याच्या वाट्याला आले जेमतेम १८५. उरलेले सगळे पिक्सेल पाण्याचं चित्र काढण्यात गेले.

त्याच जागी २५० मिमीची लेन्स असती तर धीवर ३ मिमीचा झाला असता आणि त्याला ८४० पिक्सेल मिळाले असते. ४०० मिमीने ५ मिमी आणि साडेतेराशे पिक्सेल. ६०० मिमीने दोन हजार. यात कॅमेऱ्याची बॉडी कुठे बदलली? जंगलात आणि पाणथळीवर पैसे आधी काचेवर, म्हणजे लेन्सवर, घालायचे, बॉडी नंतर.

आता क्रॉप सेन्सरबद्दल, म्हणजे भाचीच्या कॅमेऱ्यात आहे तशा लहान सेन्सरबद्दल, एक गैरसमज. दुकानदार सांगतात, लहान सेन्सरवर ४०० मिमीची लेन्स ६०० ची होते. लेन्स तीच राहते आणि धीवराची प्रतिमाही ५ मिमीचीच राहते, फक्त भोवतालची चौकट कापली जाते. फायदा होतो तो पिक्सेल लहान असल्यामुळे. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर, म्हणजे मोठ्या सेन्सरवर, तेवढेच ६००० पिक्सेल ३६ मिमी रुंदीत पसरलेले असतात, म्हणून त्या ५ मिमीला साडेआठशेच्या आसपासच मिळतात. लांबचे पक्षी टिपायला निघालेल्या नवशिक्याने क्रॉप सेन्सर घेतला म्हणून मन खट्टू करून घेऊ नये. उलट, त्याच पैशांत जास्त पक्षी हाती लागतो.

पण प्रतिमा मोठी झाली म्हणजे चांगली झाली, असं नाही. मला सगळ्यांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट जाहिरातीत कुठेच ठळक छापलेली नसते. लेन्सची फोकल लेंग्थ घ्या आणि तिला एफ आकड्याने (लेन्सवर ५.६, ६.३ असा लिहिलेला असतो तो) भागा. जे उत्तर येईल, तेवढ्या व्यासाच्या वाटेने पक्ष्याकडून निघालेला प्रकाश आत शिरतो. किट लेन्सचं ५५ भागिले ५.६ म्हणजे १० मिमी, सदऱ्याच्या बटणाएवढं. २५० मिमी एफ ५.६ म्हणजे ४५ मिमी, एक लिंबू. १५०-६०० च्या झूम लेन्सला ६०० वर एफ ६.३ असतो, म्हणजे ९५ मिमी, आमटीची वाटी. आणि सफारीच्या जिप्सीत एखाद्याच्या मांडीवर दिसते ती ६०० मिमी एफ ४ म्हणजे १५० मिमी, छोटी ताटली. तिची किंमत दहा लाखांच्या पुढे का जाते, याचं बरंचसं उत्तर त्या ताटलीत आहे. एवढ्या मोठ्या काचा निर्दोष घडवणं कठीण असतं.

प्रकाश आत येतो तो क्षेत्रफळाच्या प्रमाणात. व्यास दुप्पट, तर प्रकाश चौपट. आणि प्रकाश कणाकणांनी येतो, पावसाच्या थेंबांसारखा, कधी दोन जास्त, कधी दोन कमी. एका पिक्सेलवर सरासरी १०० फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, पडत असतील तर त्यांत सुमारे १० चा चढउतार होतो, म्हणजे १० टक्के. १०,००० पडले तर चढउतार १०० चा, म्हणजे अवघा १ टक्का. अंधाऱ्या फोटोत जी रवाळ खरखर दिसते, तिचा मोठा भाग हा प्रकाशाचा अंगचा स्वभाव आहे. आयएसओ (फोटो उजळ करणारा कॅमेऱ्यातला आकडा) वाढवला म्हणून प्रकाश वाढत नाही. दूरच्या रेडिओ स्टेशनचा आवाज मोठा केला की खरखरही मोठी होते, तसंच ते आहे.

हे कळलं की भीमाशंकर आणि भिगवण यांतला फरक कळतो. भिगवणला लख्ख उन्हात एफ ६.३ आणि आयएसओ ४०० ठेवलं तरी शटर (प्रकाश आत येऊ देण्याचा वेळ) १/२५०० सेकंदापर्यंत जातं. पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबलेला धीवर गोठवायला तेवढं पुरतं. भीमाशंकरला शेकरू दाट पानोऱ्याच्या आत, पाठीमागे पांढरं आभाळ. तिथे तीच लेन्स आयएसओ ३२०० वरही १/२५० च्या पुढे सरकायला कुरकुरते. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन आपल्या हाताचा कंप सावरतं, पण शेकरूची उडी त्याला थांबवता येत नाही. कंपासाठी एक स्वस्त उपाय आहे: जुन्या जीन्सचा पाय कापून, एक टोक शिवून, आत दोन-तीन किलो राजमा भरायचा आणि ती पिशवी जिप्सीच्या कडेवर टाकायची. लेन्स त्यात अशी रुतून बसते की हात मोकळा होतो.

"मग तो ३००० मिमीचा कॅमेरा?" भाचीने विचारलंच. निकॉनचा पी-१०००, २०१८ साली आलेला. तो आकडा फुल फ्रेमच्या तुलनेतला आहे. लेन्सची खरी फोकल लेंग्थ ५३९ मिमी आणि त्या टोकाला एफ ८, म्हणजे वाट ६७ मिमीची. ही काही वाईट नाही, लिंबापेक्षा बरीच मोठी आहे. अडचण दुसरीकडे आहे. प्रकाश तरंगासारखाही वागतो, त्यामुळे एफ ८ वर एका बिंदूची प्रतिमा सुमारे १०.७ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चकती होते. या कॅमेऱ्याचा पिक्सेल १.३ मायक्रॉनचा, म्हणजे एक बिंदू आठ पिक्सेल रुंदीत पसरतो. पिक्सेल भरपूर, पण त्यांत भरायला तेवढा तपशील नाही. तरी उन्हात, बसलेल्या पक्ष्याची ओळख पटवायला आणि निरीक्षणाची नोंद ठेवायला तो चांगला सोबती आहे. उडत्या पक्ष्यावर त्याचा फोकस मात्र मागे पडतो.

सकाळी अकरानंतर तापलेल्या पाण्यावरची हवा थरथरू लागते, दूरचे रोहित (फ्लेमिंगो) जत्रेतल्या आरशातल्यासारखे वाकडेतिकडे दिसतात. त्याला कुठलीच लेन्स इलाज नाही.

सगळ्यांत स्वस्त वस्तू सांगायची तर ती अंतर. २० मीटरचे १० झाले की प्रतिमा दुप्पट आणि पक्ष्याकडून येणारा प्रकाश चौपट. लिंबाची जवळजवळ वाटी झाली! पण ते १० मीटर आपण चालून कापायचे नाहीत, पक्ष्याने कापायचे. पुढच्या खेपेला कुंभारगावच्या नावाड्याने इंजिन बंद करून बांबूने होडी हळूच वाळक्या खोडाजवळ नेली आणि म्हणाला, "ताई, आता हलू नका, तो परत येतोच इथं." चाळीस मिनिटं आम्ही हललो नाही. धीवर आला. उडवून, घाबरवून मिळालेल्या फोटोत पक्ष्याची फक्त पाठ असते, आणि त्याच्या हातचा मासाही गेलेला असतो. घरट्याजवळ तर लेन्स रोखायचीच नाही.

खरेदी आम्ही मुंबईत बोरा बाजारात केली, जुन्या मालाची. कंपन्या मिररलेसकडे (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे) वळल्यामुळे डीएसएलआरच्या (जुन्या, आरशाच्या कॅमेऱ्यांच्या) उत्तम लेन्स आता कमी भावात मिळतात, नवशिक्यासाठी ही सोन्यासारखी वेळ आहे. कॅननची ४०० मिमी एफ ५.६ ही १९९३ सालची लेन्स: सव्वा किलो वजन, झूम नाही, स्टॅबिलायझेशनही नाही. वाट ७१ मिमीची, किट लेन्सच्या पन्नासपट प्रकाश घेणारी. दुकानात पहिली पाहिली तिच्यात मागून टॉर्च मारल्यावर आतल्या काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले. बुरशी. कोकणातल्या, मुंबईतल्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्सचा हा नेहमीचा रोग. ती परत ठेवली. तिसरी स्वच्छ निघाली. बॉडी भाचीचीच, २४ मेगापिक्सेलची.

जूनची पहिली सर आली तशी तिने ती लेन्स धान्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली, सोबत सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४५ टक्क्यांवर आहे. जेलचे दाणे अजून निळे आहेत. गुलाबी झाले की कढईत परतून घ्यायचे, एवढं तिने झाकणावर चिकटपट्टी लावून लिहून ठेवलं आहे.