ऐकणारा बोलणाऱ्याला घडवतो

मार्टिन बूबर या तत्त्वज्ञांनी स्वतःच लिहून ठेवलेला एक प्रसंग आहे. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर एक तरुण त्यांना भेटायला आला. बूबर सकाळभर धार्मिक चिंतनात रमलेले होते आणि मन अजून तिथून पुरतं परतलं नव्हतं. तरी ते तरुणाशी आपुलकीने बोलले, त्याने विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं दिली. त्याने न विचारलेले प्रश्न मात्र त्यांना जाणवले नाहीत. पुढे त्याच्या एका मित्राकडून कळलं की तो आता या जगात नाही, आणि त्या दिवशी तो सहज गप्पा मारायला आला नव्हता. त्याला फार मोलाचा निर्णय करायचा होता.

हा प्रसंग बूबर आपल्या आयुष्याला वळण देणारा मानत. 1923 साली आलेल्या त्यांच्या छोट्याशा पुस्तकाने विसाव्या शतकाच्या विचारावर खोल ठसा उमटवला. समोरच्या माणसाला आपण एक तर वस्तूसारखं हाताळतो, म्हणजे ओळखतो, जोखतो, उपयोगात आणतो. नाही तर पूर्ण मनाने त्याच्या सामोरे जातो, अशी त्यांची मांडणी. पुढे त्यांनी बोलण्याचेही प्रकार सांगितले: खरा संवाद, कामापुरता संवाद, आणि संवादाचा वेश घेतलेलं स्वगत. तिसऱ्या प्रकारात दोघं आळीपाळीने बोलतात, पण प्रत्येक जण आपल्याशीच.

वाचताना पटतं, पण हा फरक बाहेरून दिसतो का? मोजता येतो का? माझं मत असं की बऱ्याच अंशी येतो, आणि त्याची खूण प्रयोगशाळांमध्ये पुन्हा पुन्हा सापडली आहे. समोरच्याचं पुढचं वाक्य, पुढचा चेहरा माझ्यामुळे बदलतोय का, ही ती खूण.

कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठात जॅनेट बॅव्हेलस आणि सहकाऱ्यांनी केलेला, 2000 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग मला या विषयातला सगळ्यात बोलका वाटतो. एकाने दुसऱ्याला आपण थोडक्यात बचावलो तो प्रसंग सांगायचा. काही ऐकणाऱ्यांना मात्र गुपचूप एक काम दिलेलं होतं: ‘टी’ अक्षराने सुरू होणारा प्रत्येक शब्द आला की बटण दाबायचं. यातली मेख अशी की या श्रोत्यांचं लक्ष उडालेलं नव्हतं. ते एकेक शब्द कान देऊन ऐकत होते. सुटत होता तो फक्त अर्थ.

ऐकताना आपण दोन तऱ्हेची दाद देतो. एक ‘हं’, ‘बरं’, ‘हो का’, जी कुठल्याही वाक्यानंतर चालते. दुसरी त्या क्षणापुरतीच असते: ब्रेक लागला नाही म्हटल्यावर आपलाच श्वास अडकतो, ‘अगं बाई!’ निघून जातं, सांगणाऱ्याला शब्द सुचत नसेल तर तो आपणच पुरवतो. बटण दाबणाऱ्यांची दाद एकंदरीतच रोडावली, आणि ही दुसरी दाद जवळपास नाहीशी झाली. यातून बिघडली ती सांगणाऱ्याची गोष्ट! त्याला बटणाचं काही ठाऊक नव्हतं, तरी ऐन रंगात यायच्या ठिकाणी त्याचं सांगणं ढेपाळलं. शेवट एकदम आटोपता घेतला गेला, किंवा तोच शेवट दोन-दोनदा सांगितला गेला, किंवा ‘म्हणजे तसं बघायला गेलं तर धोका मोठाच होता’ अशी सफाई सुरू झाली. गोष्ट सांगणाऱ्याइतकीच ती ऐकणाऱ्याचीही असते, असा बॅव्हेलस यांचा निष्कर्ष. आपल्याकडे जुनी माणसं गोष्ट सांगायला बसली की कुणाला तरी हुंकार द्यायला लावत, त्यामागचं शहाणपण इथे आकड्यांत उतरलं आहे. हातातल्या मोबाइलवरून नजर न काढता ‘बोल, ऐकतोय मी’ म्हणणारा माणूस कदाचित खरंच ऐकत असेल. पण समोरच्याचं सांगणं तो पांगळं करत असतो.

यावर एक आक्षेप येऊ शकतो. टान्या स्टिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी 2009 साली जगातल्या 10 भाषांमधली संभाषणं तपासली. एकाचा प्रश्न संपून दुसऱ्याचं उत्तर सुरू व्हायला सरासरी सुमारे 200 मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. जपानीत त्याहून खूपच कमी, डॅनिशमध्ये जवळपास अर्धा सेकंद. पण मनातला एकच शब्द ओठांवर यायला सुमारे 600 मिलिसेकंद लागतात. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपण उत्तराची जुळवाजुळव करत असतो. मग ऐकतं कोण? मला ही अडचण वाटत नाही. वाक्य कुठे चाललंय याचा अंदाज बांधायचा तर त्याच्या बरोबरीने चालावंच लागतं. प्रश्न एवढाच, की वाक्याने अनपेक्षित वळण घेतलं तर तयार उत्तर टाकून द्यायची आपली तयारी आहे का.

हे सगळं भाषेच्या आधीपासूनचं आहे, हे तान्ह्या बाळांनी दाखवून दिलं. लिन मरे आणि कोल्विन ट्रेव्हार्थन यांनी 1985 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दीड ते तीन महिन्यांची बाळं आणि त्यांच्या आया वेगवेगळ्या जागी होत्या आणि पडद्यावर एकमेकांना थेट पाहत होत्या. बाळं हसली, हुंकारली. मग त्याच आईचं, काही वेळापूर्वीचं, तेवढंच हसरं चित्रण लावलं. प्रेम तेच, आवाज तोच, पण आता आईचं हसणं बाळाच्या हसण्याला उत्तर देत नव्हतं. बाळं अस्वस्थ झाली, नजर चुकवू लागली. हा निकाल पुढे सगळ्याच प्रयोगशाळांना मिळाला नाही. काहींना मिळाला, काहींना नाही. इतक्या लहान बाळांबद्दल म्हणूनच जपून बोलायला हवं. दोन-अडीच वर्षांच्या मुलांबाबत चित्र जास्त स्पष्ट आहे. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात अशी मुलं समोरच्या माणसाकडून नवी क्रियापदं शिकली, व्हिडिओ कॉलवरूनही शिकली, पण आधी चित्रित केलेल्या व्हिडिओवरून शिकली नाहीत. सातासमुद्रापार वाढणाऱ्या नातवाशी रविवारी कॉलवर बोबडं बोलणाऱ्या आजी-आजोबांनी हे जरूर लक्षात ठेवावं. बालगीतांचे व्हिडिओ पाठवण्यापेक्षा त्याच्या ‘हे काय?’ला दिलेलं तुमचं मराठी उत्तर त्याच्या कामी जास्त येतं.

म्हणजे सतत सूर जुळलेला असला पाहिजे का? मुळीच नाही. एडवर्ड ट्रॉनिक यांनी आई आणि बाळाचं खेळणं बारकाईने पाहिलं, तेव्हा दोघं एकमेकांशी जुळलेली असण्याचा वेळ सुमारे 30 टक्केच भरला. उरलेला वेळ चुकामुकीचा आणि ती सावरण्याचा. मोठ्यांचंही तेच. 12 भाषांच्या एका तुलनेत दिसलं, की साध्या गप्पांमध्ये साधारण दर दीड मिनिटाला कुणी तरी ‘अं?’, ‘कोण म्हणालास?’, ‘म्हणजे आज का?’ असं विचारून बोलणं थांबवतं आणि सांधतं. घरात ‘काय म्हणालास?’ हा प्रश्न जिवंत असेपर्यंत मला त्या घराची काळजी वाटत नाही.

मात्र प्रतिसाद मिळाला की संवाद झाला, एवढ्यावर थांबता येत नाही. 1957 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात बूबर आणि मानसोपचारतज्ज्ञ कार्ल रॉजर्स यांची जाहीर चर्चा झाली. उपचाराच्या उत्कट क्षणी मी आणि माझ्याकडे आलेला माणूस बरोबरीचे असतो, असं रॉजर्स यांचं म्हणणं. बूबर यांना ते मान्य नव्हतं: तो तुमच्याकडे मदत मागायला येतो, तुम्ही त्याच्याकडे जात नाही, तुम्ही त्याच्या बाजूने पाहू शकता, तो तुमच्या बाजूने नाही. नऊ वर्षांनी, 1966 मध्ये, जोसेफ वायझेनबाउम यांनी एलायझा हा संगणक प्रोग्रॅम जाहीर केला. त्याची गाजलेली आवृत्ती रॉजर्स पद्धतीच्या उपचारकाची नक्कल करणारी होती. माणसाचं वाक्य फिरवून तेच प्रश्न म्हणून परत द्यायचं. वायझेनबाउम यांच्या सेक्रेटरीने प्रोग्रॅमशी थोडं बोलल्यावर त्यांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं.

एलायझाचं प्रत्येक वाक्य समोरच्याच्या वाक्यावर बेतलेलं होतं. तरीही मी त्याला संवाद म्हणणार नाही, आणि आजच्या कितीतरी चतुर यंत्रांबाबतही माझा आग्रह हाच आहे. बॅव्हेलस यांच्या श्रोत्याचा श्वास अडकतो, कारण रस्त्यावर त्यालाही मरण येऊ शकतं. ट्रॉनिक यांच्या खेळात बाळ रडवेलं झालं की आईचाही चेहरा उतरतो. ऐकलेल्या गोष्टीने ऐकणाऱ्याचं काही हलतं, तो घरी जाऊन गाडीचे ब्रेक तपासून घेतो, त्या जागी बूबर यांचा दुसऱ्याच्या सामोरं जाणारा माणूस उभा असतो.